निवेसच्या नावाची रांग

१

निवेसचा पाहुण्यांवरचा राग त्यांच्या बुटांपासून सुरू व्हायचा. फ्लोरेन्सच्या कारागिराकडून पाय मापून शिवून घेतलेले नवेकोरे चामडी बूट, आणि तेच घालून ही मंडळी तिच्या माळ्याचा लाकडी जिना चढणार. कोऱ्या तळव्यांची करकर घरभर ऐकू यायची. कोणाच्या खांद्याला नवी पिशवी, कोणाच्या गळ्यात कोमोचा रेशमी रुमाल, आणि पोटात तिनेच पहाटे उठून सारण भरून वळलेल्या तोर्तेल्लिनी, वर थंडगार लाम्ब्रुस्को वाइनचे दोन-तीन पेले. माळ्यावर पाय ठेवला की डोळे मिटून एक मोठा श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, आहाहा. रोज तेच. जसा काही तो वास त्यांच्यासाठीच करून ठेवला होता.

तरी ती रोज सकाळी माळा झाडायची. स्पिलाम्बेर्तो गावाबाहेरच्या त्या विटांच्या घरात हे काम दुसऱ्या कोणी केलेलं तिला खपत नसे. ओल्या फडक्याने फळ्या पुसायच्या, खिडक्या उघडायच्या, कारण उन्हाळ्यात माळा तापल्याशिवाय व्हिनेगर आटत नाही, आणि मग एकेका पिंपाच्या चौकोनी तोंडावरचं पांढरं फडकं उचलून आत बघायचं. आधी आजोबांची रांग, मग आत्याची, आणि खिडकीशी तिची स्वतःची. मोठ्यापासून लहानापर्यंत पाच पिंपं, शेवटचं तर काखेत मारून नेता येईल एवढंसं. ती जन्मली त्या वर्षी बाबांनी मांडलेली. मुलगी झाली की तिच्या नावाची रांग मांडायची, मोठ्या पिंपात शिजवलेला द्राक्षरस घालायचा, दर हिवाळ्यात मोठ्यातलं थोडं धाकट्यात सरकवत न्यायचं, आणि मुलीच्या लग्नात अख्खी रांग तिच्याबरोबर सासरी धाडायची. निवेसचं लग्न झालं नाही. रांग राहिली. शेवटच्या पिंपातला थेंब तिच्या हाताशिवाय कोणी काढायचा नाही, हे घरात कोणाला सांगावं लागत नसे.

त्या मंगळवारी तिने शेवटच्या पिंपाचं फडकं उचललं आणि हात तसाच राहिला. फडक्याच्या कडेला तपकिरी डाग होता, कोणी ओला चमचा टेकवावा तसा. म्हणजे काढलं होतं कोणीतरी. तिने वाकून आत बघितलं. पिंप काठोकाठ भरलेलं होतं.

भर जुलैत. जुलैत पिंपं बोट-दोन बोटं खाली जातात, वर येत नाहीत. आणि काठोकाठ तर कोणी भरतच नाही, आत हवेला जागा लागते. रस फडक्याला टेकेल इतका वर आला होता. खिडकी उघडी होती, वारा नव्हता, आणि तो काळा चौकोन अगदी बारीक थरथरत होता. निवेस तिथेच उभी राहिली. मग तिच्या मनात एकच नाव आलं, आणि ती दाणदाण जिना उतरली.

२

एर्मेस स्वयंपाकघरात खारवलेल्या मांसाचे कागदासारखे पातळ काप करत होता. निवेसचा भाऊ, तिच्यापेक्षा सात वर्षांनी धाकटा, पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला, तरी तिच्यासमोर उभा राहिला की अजून पोरासारखा बावरायचा. पाहुण्यांचं हे खूळ त्याचंच. चार वर्षांपूर्वी बोलोन्याच्या देबोरा नावाच्या वाटाड्या मुलीशी त्याने ठरवून टाकलं होतं की ती माणसं आणणार आणि हे त्यांना खाऊ-पिऊ घालणार.

"माझ्या रांगेला हात कोणी लावला?" निवेस म्हणाली.

सुरी थांबली. "ताई, बस जरा."

"बसायला सांगू नकोस मला. कोणी लावला?"

"मी काढतो त्यातलं. ईस्टरपासून." मग तो भरभर बोलायला लागला. "अगं, आजोबांच्या रांगेतलं द्यायचो तेव्हा नुसतं छान छान म्हणायचे आणि खाली उतरायचे. एक दिवस काचेची नळी चुकून तुझ्या पिंपात घातली. तुझ्यातलं दिलं, तर एक बाई रडायलाच लागली. माझ्या गळ्यात पडली. तेव्हापासून सगळे तेच मागतात."

"चुकून. साठ वर्षं ज्या पिंपाला माझ्याशिवाय कोणी शिवलं नाही, तिथे तुझा हात चुकून गेला. आणि परत कशाने भरतोस? दुकानातलं गोड पाणी ओततोस ना त्यात?"

"मी भरत नाही."

"मग कोण, तुझी देबोरा?"

"कोणी भरत नाही, ताई. मी काढतो, आणि दुसऱ्या दिवशी ते भरलेलं असतं." त्याने तिच्या नजरेला नजर दिली नाही. "तुला सांगणार होतो."

निवेसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं बोलायचं तर माणसाने निदान पटेल असं बोलावं. ती परत वर गेली, चिनी मातीच्या चमच्यावर एक थेंब घेतला आणि जिभेवर फिरवला. तिची जीभ या भागात नावाजलेली होती. दुकानी माल असता तर तिने थुंकून टाकला असता. पण ते तिचंच होतं, दाट, आधी गोड मग आंबट, शेवटी पिंपाच्या जुनिपर लाकडाचा कडवट धागा. कशाची भेसळ नाही. तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट ती जास्तच भडकली, कारण आता चोर हातात सापडून त्याला चोर म्हणता येत नव्हतं.

३

त्या दिवशीच्या बसमधून उतरलेल्यांत कॅनडाचा एक उंच म्हातारा होता. नेपल्सला शिवून घेतलेला लोकरीचा कोट त्याने भर उन्हातही अंगावरून काढला नव्हता, मध्येमध्ये बाही हाताने कुरवाळत होता. निवेस माळ्याच्या दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली. आज तिने ठरवलं होतं, काय रडारड होते ती स्वतःच्या डोळ्यांनी बघायची.

एर्मेसने एकेकाच्या चमच्यावर थेंब सोडला. म्हाताऱ्याने तो तोंडात घेतला आणि डोळे मिटले. मग आपल्या भाषेत हळूहळू बोलायला लागला, आणि देबोरा त्याच्या मागोमाग सांगत गेली. "ते म्हणतायत, कोणीतरी माझे केस विंचरतंय. मी पायरीवर बसलोय. माझे केस लांब आहेत, आणि ओले. कंगव्याचा एक दात मोडलाय, तो कानाच्या मागे टोचतोय. बाई दर वेळी म्हणते, हे शेवटचं. आणि मग परत विंचरते."

बाकीचे कौतुकाने हसले. एकीने टाळ्या वाजवल्या.

ती पायरी मागच्या दाराची होती. तो कंगवा तिच्या आईचा. हे शेवटचं म्हणून फसवायची ती, आणि निवेस दर वेळी फसायची. हे तिने जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं.

"याला कोणी सांगितलं हे?" तिने देबोराला कोपऱ्यात घेतलं. "एर्मेसने पढवलं ना? मला स्पष्ट सांग."

"काकू, एर्मेसना इंग्रजीत धड नमस्कार करता येत नाही," देबोरा म्हणाली. "आणि आई केस विंचरते यात पढवायचं काय? सगळ्यांच्याच विंचरतात. पोटात वाइन गेली की माणसं हळवी होतात."

हे म्हणणं खोटं नव्हतं. जगातल्या कितीतरी आया पोरींचे केस विंचरत असतील आणि कितीतरी कंगव्यांचे दात मोडलेले असतील. निवेसने स्वतःला तसं दोनदा बजावलं. म्हातारा जाताना तिच्या हाताचं चुंबन घेऊन गेला. तिला तो हात धुवावासा वाटला.

४

भांडी घासताना तिला ते कळलं.

पायरी आठवायला गेली, तर पायरी आली. कंगवा आला. पण आईचा आवाज येईना. हे शेवटचं, असं कोणीतरी म्हणत होतं, आणि तो आवाज त्या कॅनडावाल्या म्हाताऱ्याचा होता, मागून देबोराचा. एखाद्याने सांगितलेली गोष्ट आठवावी तसं ते आठवत होतं. कानामागे टोचत नव्हतं.

तिने नळ बंद केला. भलतंच काहीतरी, ती स्वतःशी पुटपुटली. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला पन्नास वर्षांपूर्वीचं काय नीट आठवणार? गेल्याच महिन्यात ती चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत होती. तेव्हा डॉक्टर ग्वाल्तिएरोकडे गेली तर तो म्हणाला, झोप कमी पडतेय, पाहुणे कमी करा. पाहुणे कमी करा म्हणे. जसं काही तिने आमंत्रणं धाडली होती.

पण मनातली भीती जाईना, आणि भीतीपेक्षा संताप. कारण आई तिच्यापाशी होतीच किती? दीर्चे तिचं नाव. निवेस सात वर्षांची आणि एर्मेस पाळण्यात असताना एका सकाळी ती घर सोडून गेली, तिशीतली बाई, आणि परत आली नाही. का, ते कोणी सांगितलं नाही. त्या सप्टेंबरात बाबांनी द्राक्षरस शिजवायला तांब्याच्या कढईखाली जाळ केला, तेव्हा घरातले तिचे सगळे फोटो एकेक करून त्यात घातले. निवेसने ते पाहिलं होतं. म्हणजे दीर्चेचा चेहरा आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, निवेसच्या डोक्यात. एर्मेस लहानपणापासून विचारत आला होता, ताई, कशी दिसायची गं ती? निवेस म्हणायची, आरशात बघ. याहून जास्त तिने त्याला कधी दिलं नाही. मूठभर आठवणी, त्या कोणाकोणाला वाटायच्या?

त्यातली शेवटची सगळ्यात मोठी होती. ती सकाळ. फाटकापाशी गेलेली आई वळते आणि निवेसकडे बघते. तो वळलेला चेहरा निवेस रोज झोपताना एकदा समोर आणायची, लोक दिवा मालवतात तसा, सवयीने. त्या रात्रीही आणला. होता. ओठाच्या कोपऱ्याला पडलेली खळीसुद्धा होती. तिला धीर आला आणि मग आणखी राग आला, की धीर यायची वेळ यावी.

५

दुसऱ्या दिवशी तिने माळ्याला कुलूप घातलं आणि किल्ली ओच्याला बांधल्यासारखी कमरेच्या पट्ट्याला अडकवली. देबोरा वैतागली. पाहुणे मोडेनाला मोटारी बघून येतात, पार्मिजानो चीजच्या गुदामात चकतीवर टकटक करून येतात, आणि इथे आल्यावर मुख्य गोष्टच नाही?

"तळलेल्या पिठाच्या पुऱ्या आहेत, मांस आहे, वाइन आहे," निवेस म्हणाली. "तेवढ्याने पोट भरत नसेल तर आपल्या घरी जाऊन जेवा म्हणावं."

एर्मेस कुलपाकडे बघून अंगणात निघून गेला. तेच तिला खटकलं. एरवी त्याने तोंड फुगवलं असतं, दारं आपटली असती. आता तो नुसता अंगणात उभा राहून फाटकाकडे बघत बसायचा. कोण येणार आहे, असं तिने विचारलं तर म्हणाला, कोणी नाही.

सोमवारी पाहुण्यांना सुट्टी. दुपारचं जेवण झालं, खिडक्यांच्या झडपा ओढल्या आणि घर अंधारून गेलं. बाहेर झाडांवरच्या किरकिऱ्या किड्यांनी नुसता कल्ला मांडला होता. निवेस आडवी झाली. डोळा लागतो न लागतो तोच वरून आवाज आला, चिनी मातीवर काच टेकल्याचा. टिंग. मग बराच वेळ काही नाही. मग परत टिंग.

उंदीर असेल, तिने ठरवलं. तापलेल्या लाकडाला तडा जातो, त्याचाही आवाज होतो. मग कोणीतरी वर मोठ्याने श्वास सोडला. तिने कमरेला हात लावला. किल्ली तिथेच होती.

ती अनवाणी जिना चढली. कुलूप कडीला नुसतं लटकत होतं, उघडं. तिने स्वतःच्या हाताने दाबलेलं. आज सकाळी खरंच दाबलं होतं का? ती तिथे उभी राहून आठवायला लागली आणि आठवेना, तेव्हा तिने दार ढकललं.

६

माळ्यावर भट्टीसारखं तापलं होतं. एर्मेस तिच्या रांगेच्या टोकाशी जमिनीवर मांडी घालून बसला होता, चमचा तोंडात, डोळे मिटलेले, गालांवरून घाम आणि आणखी काहीतरी ओघळत होतं. शेवटचं पिंप काठोकाठ भरलेलं होतं. फडकं रसाने भिजून काळं झालं होतं.

निवेसने त्याच्या हातातला चमचा हिसकावून भिंतीवर मारला. तुकडे झाले.

"चोर," ती म्हणाली. "स्वतःच्या घरात चोर निघालास तू."

एर्मेस उठला नाही. "तिच्या ओठाशी खळी आहे," तो म्हणाला. "एकाच बाजूला. तू कधी सांगितलं नाहीस."

"ते माझं आहे."

"माझी आई नव्हती ती? पन्नास वर्षं विचारतोय तुला. पन्नास वर्षं तू मला आरसा दाखवलास. माझं तोंड बाबांसारखं आहे, ताई, कुठल्याही आंधळ्याला दिसेल. तुझ्यापाशी होती ती आणि तू मला एक घास दिला नाहीस. मी काढून घेतला. बरं केलं मी."

"आणि त्या परक्यांना? त्या बूटवाल्यांना? त्यांनाही वाटलीस?"

"मी एकटा घ्यायचो तेव्हा धूसर दिसायचं. ते घेतात तेव्हा स्पष्ट होतं." त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "जितके जास्त जण घेतात, तितकं."

तिचा हात उगारला गेला होता, तो तसाच राहिला. तिला एकदम आपल्या शेवटच्या आठवणीची धास्ती वाटली. तिथेच उभ्या उभ्या तिने डोळे मिटले आणि ती सकाळ समोर आणली. फाटक आलं. खडीचा रस्ता आला. कोट, बॅग, कोटाची वर केलेली कॉलर. कॉलर वळली. वर, केस सुरू व्हायच्या आधी, जिथे चेहरा असायला हवा तिथे काहीच नव्हतं. काळंही नव्हतं, पांढरंही नव्हतं. बोटाने पुसून टाकावं तशी नुसती जागा होती, आणि ती जागा तिच्याकडे बघत होती.

निवेसने डोळे उघडले आणि पिंपाचा आधार घेतला. लाकूड कोमट होतं. ऊन त्या कोपऱ्यात पोचत नव्हतं.

"कशी आहे ती?" तिचा आवाज फुटला. "एर्मेस, मला सांग. नाक कसं आहे? डोळे?"

"सांगता नाही येत. दिसतं, पण सांगता येत नाही." मग हलक्या आवाजात म्हणाला, "आधी ती फाटकाबाहेर उभी दिसायची. वळलेली. गेल्या आठवड्यात फाटकाच्या आत होती. आज अंगणात आहे."

"काय बरळतोस? ती आत आलीच नाही. ती गेली. वळली आणि गेली. मी तिथे होते."

"मला ठाऊक आहे."

"मग हे माझ्यातलं नाही," निवेस म्हणाली. "हे माझ्यातलं नाहीच."

एर्मेसने खांदे उडवले. खाली अंगणात खडीवर काहीतरी करकरलं, एकदाच, आणि बंद झालं. सोमवार होता, बस येणार नव्हती. मांजर असेल, असं दोघांपैकी कोणीही म्हणालं नाही.

७

पिंप ओतून द्यायचं, हे तिने रात्रीच ठरवलं. सकाळी ती वर गेली आणि शेवटचं पिंप उचलायला लागली. काखेत मारून नेता येईल एवढंसं ते पिंप जागचं हलेना. पाय रोवून जोर लावला, नखं मोडली, कपाळाची शीर तटतटली. एर्मेसला हाक मारली तर तो खालून ओ सुद्धा देईना.

ठीक आहे, निवेस म्हणाली. नाही हलत, तर राहू दे. मग संपवून टाकते.

अकराला बस आली. देबोराने माणसं मोजून आत घेतली, लांबच लांब टेबलाभोवती बसवली. निवेस नळीने काढून काढून काचेची सुरई भरत गेली आणि ती दोन्ही हातांत धरून खाली आली. अंगणाचं दार सताड उघडं होतं, बाहेर डोळे दिपवणारं ऊन. आज माळ्यावर नेणं नाही, थेंब थेंब देणं नाही. तिने प्रत्येकासमोर सूपाची खोल ताटली ठेवली आणि पळीपळीने व्हिनेगर वाढायला लागली.

"काकू, एवढं कोणी पितं का," देबोरा हसत म्हणाली, पण हसू तिच्या तोंडावर राहिलं नाही.

"प्या म्हणावं. यासाठीच आलात ना हजारो मैलांवरून? आमची वाइन प्यायलात, आमचे बूट घातलेत, आमचे कोट शिवून घेतलेत. हेही घ्या. काही मागे ठेवू नका."

तिला वाटलं होतं, ते तोंडं वाकडी करतील. कोणी केली नाहीत. एक कोरियन मुलगी, गळ्यात रेशमी रुमाल, तिने ताटली दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावली. मग शेजारच्याने. मग सगळ्यांनीच. टेबलावर चमच्याचाही आवाज नव्हता, नुसता गिळण्याचा. एर्मेस टोकाला उभा राहून पीत होता. देबोरासुद्धा प्यायली. निवेस परत सुरई घेऊन फिरली, आणि परत, आणि रागाच्या भरात तिच्या लक्षातच आलं नाही की ती सुरई भरायला वर गेलेलीच नव्हती.

"आता सांगा," ती म्हणाली. "काय दिसतंय? चेहरा कसा आहे? सांगा ना कोणीतरी. खाताना तोंडं चालतात, आता काय झालं?"

कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांची डोकी एकाच वेळी दाराकडे वळली होती, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, स्टेशनावर आपलं माणूस गाडीतून उतरताना दिसावं तसा. देबोराने तोंडावर हात दाबून धरला होता.

खडी वाजली. या वेळी एकदा नाही, पावलामागून पाऊल. निवेसने नकळत कान दिला. हे बूट करकरत नव्हते. जुने, पायाला सवयीचे तळवे होते, आणि फाटकापासून दारापर्यंत ते कुठे अडखळले नाहीत, खडी संपून फरशी कुठे सुरू होते ते त्यांना ठाऊक होतं.

दारात एक बाई उभी राहिली. मागे ऊन होतं म्हणून निवेसने डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला. तिशीतली असेल, निवेसच्या निम्म्या वयाची. हातात बॅग, भर जुलैत अंगात जाडजूड कोट. एर्मेसच्या तोंडून लहान पोराच्या रडण्यासारखा आवाज निघाला. टेबलाभोवतीची माणसं एकामागून एक उठून उभी राहिली. कोरियन मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती दाराकडे हात पसरत होती.

निवेस दोन पावलं पुढे गेली आणि तिने नीट बघितलं. चेहरा अगदी स्पष्ट दिसला. साधा, प्रवासाने दमलेला चेहरा होता. तिने नाक बघितलं, डोळे बघितले, ओठ बघितले. ओळखीचं काहीच सापडलं नाही. आणखी एक पाहुणी, उशिरा आलेली, आणि तिच्यासाठी या खुळ्यांनी उठून उभं राहायचं. एवढ्या दिवसांचा साठलेला सगळा संताप निवेसच्या घशाशी आला.

"पोरी, ही काय यायची वेळ आहे?" ती कडाडली. "बस केव्हाची आली. जेवणं झाली, सगळं वाटून संपलं. इतका उशीर केल्यावर कोणी तुझ्यासाठी ताटकळत बसेल असं वाटलं का तुला?"

बाईने बॅग हळूच खाली ठेवली. ती निवेसच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिली, मग तिच्या मोडलेल्या नखांकडे, मग परत तोंडाकडे.

"निवेस," ती म्हणाली.

"हो, मीच. बाहेर पाटीवर लिहिलंय," निवेस म्हणाली. "तुला कोण हवंय?"